खडूचा बंगला

शिंप्याच्या चपट्या खडूची रेघ लांबून एकसारखी दिसते; जवळून पाहिली तर तशी नसते. धार नवी असते तेव्हा रेघ जेमतेम एक मिलिमीटर जाड पडते. दहा-बारा फूट ओढली की खडू झिजतो आणि तीच रेघ तीन मिलिमीटरची होते. सुरुवातीला तिला दोन स्वच्छ कडा असतात, शेवटी नुसती भुकटी उरते, फरशीच्या बारीक खळग्यांत अडकलेली. ताईला हे तीस वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणून ती दर आठ फुटांवर थांबायची, झग्याच्या खिशातल्या पात्याने खडूला धार लावायची आणि मगच पुढे सरकायची.

रविवार होता. शिलाईची मशिनं आपापल्या खोळींखाली गप्प होती. एरवी ज्या लांबरुंद फरशीवर ट्रकच्या ताडपत्र्या, जनरेटरच्या खोळी आणि दुकानांची कापडी छपरं आखली जायची, त्या फरशीवर ताई आज घर आखत होती. खऱ्या मापाचं.

"चोवीस," ती म्हणाली.

"चोवीस," टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसलेला भाऊ म्हणाला. "लांबी तीस. ताई, माझे गुडघे बोलायला लागलेत."

"बोलू देत. तू ऐकायची सवय कर."

कल्पना तिचीच होती. आठ महिन्यांत पंधरा घरं पाहून झाली होती. प्रत्येक घर पाहिल्यावर कागदावरचा नकाशा मधे ठेवून चौघं बसायची आणि प्रत्येकाला त्यात वेगळंच घर दिसायचं. भावाला दिवाणखाना मोठा वाटायचा, भावजयीला तोच अंधारा वाटायचा, आई नकाशा उलटा धरून "छान आहे" म्हणायची, आणि ताई म्हणायची, "बघू." शेवटी तीच म्हणाली होती, कागदावर काय, हत्तीही मावतो, रविवारी कारखान्यात या, फरशीवर आखून देते, आत चालून बघा.

आणि आता वेळ नव्हता. दलालाने संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर मागितलं होतं. एकाच गल्लीत दोन जागा शिल्लक होत्या: कोपऱ्यावरचा स्वतंत्र बंगला आणि गल्लीच्या टोकाचं अख्खं ट्विन, म्हणजे जोडघर. दोन्हींच्या किमतीत फार फरक नव्हता. भावाचं मन बंगल्यावर बसलं होतं.

मापांच्या खोलीच्या दारातून आई हे सगळं पाहत होती. त्या खोलीत पूर्वी गिऱ्हाइकांची मापं लिहिलेल्या वह्या असायच्या. जिन्यावरून पडून खुबा मोडल्यापासून तिथे आईचा पलंग होता, कारण राहतं घर कारखान्याच्या वर होतं आणि मधे एकवीस पायऱ्या होत्या. ताई वर झोपायची. म्हणजे तिचं अंथरूण वर होतं. रात्री दोनदा-तीनदा ती खाली असायची.

"ते कायकाय प्रकार आहेत ते पुन्हा सांग गं," आई म्हणाली. "मागच्या वेळी दोघांनी एकदम सांगितलंत, माझी खिचडी झाली."

"स्वतंत्र बंगला म्हणजे चारी भिंती आपल्या," ताई रेघ न मोडता म्हणाली. "कुणाला लागून नाही. रो हाउस म्हणजे ओळीतलं घर. डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी, मधे आपण. त्यांच्या-आपल्या भिंती एकच."

"आणि ओळीतलं शेवटचं?"

"कडेचं रो हाउस. एक कूस मोकळी."

"आणि हे ट्विन?"

"दोनच घरं, पाठीला पाठ लावून. तीन भिंती आपल्या, चौथी दोघांची. दारं दोन, अंगणं दोन, छप्पर एक."

आईने क्षणभर विचार केला. पन्नास वर्षं मशीन चालवलेल्या बाईचा विचार. "म्हणजे दोन खिसे आणि मधे एकच शिलाई."

"अगदी बरोबर," ताई म्हणाली, आणि तिला वाटलं, पंधरा दलालांपैकी एकालाही हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

भावजय चहाचे कप घेऊन आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांना परत चालायला शिकवायची, त्यामुळे तिचं लक्ष नेहमी पायांकडे असायचं. नवऱ्याचे पाय पाहून ती म्हणाली, "उठा आता. आणि उठताना गुडघ्यावर हात नको, मांडीवर." मग कप खाली ठेवून तिने ताईची वही उचलली. पंधरा घरं, पंधरा पानं. वर घराचा प्रकार, खाली जाहिरातीतलं वर्णन, त्याखाली ताईने प्रत्यक्ष पाहिलेलं, आणि शेवटी लाल शाईत दोष.

"ऐका हो," ती हसत म्हणाली. "'हवेशीर': मागच्या खिडकीला काच नाही. 'शांत परिसर': बस येत नाही. 'हिरवाईकडे तोंड': समोरच्याच्या गॅलरीत दोन कुंड्या. 'नवविवाहितांसाठी आदर्श': तिसरं माणूस आलं तर एकाला बाहेर जावं लागेल."

"शेवटचं मी नाही लिहिलं," ताई म्हणाली.

"अक्षर तुमचंच आहे, ताई."

"मग खरं असेल."

आई मनापासून हसली. भाऊही हसला, पण त्याचं एक लक्ष घड्याळाकडे होतं. तो गाडी चालवायला शिकवायचा. वीस वर्षं तो शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसत आला होता आणि त्याच्या पायाखाली कायम एक जादा ब्रेक असे. ताई त्याला मास्तर म्हणायची, आणि वाद झाला की म्हणायची, गाडी दुसऱ्याची, ब्रेक मात्र तुझ्या पायाखाली.

"आणि हे चटईक्षेत्र काय?" आईने विचारलं. "तो पोरगेला दलाल सारखा चटई चटई करत होता."

"घरात जेवढ्या जागेवर चटई अंथरता येते तेवढं चटईक्षेत्र. बांधीव क्षेत्र म्हणजे भिंतींची जाडी धरून. विकणारा बांधीव सांगतो, आपण चटई विचारायची."

"शाबास. माझी लेक दलालालाही विकून येईल," आई म्हणाली.

हे वाक्य ताईला पुढे पुष्कळ वेळा आठवणार होतं.

पावणेचारला बंगला उभा राहिला. म्हणजे आडवा झाला. समोर दिवाणखाना, डावीकडे स्वयंपाकघर, त्याला खेटून जिना. मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यांच्यामधे सव्वातीन फुटांचा बोळ, बोळाच्या टोकाला न्हाणीघर. वरच्या मजल्याला फरशी नव्हती, म्हणून तो भावाने पलीकडे, बटणं लावायच्या टेबलाजवळ आखून घेतला: एक मोठी खोली, एक अभ्यासाची, एक गच्ची.

"चला, गृहप्रवेश," तो म्हणाला. "ज्याने त्याने आपापल्या खोलीत जाऊन उभं राहा. आई, तुझी ही. मागची डावीकडची, सकाळचं ऊन येतं. ताई, तू तिच्या समोर. बोळ ओलांडला की आई. आम्ही दोघं वर."

सगळी आपापल्या जागी गेली. भावजय बटणांच्या टेबलाजवळ उभी राहिली, भाऊ तिच्या शेजारी, हात कमरेवर, गच्चीतून दृश्य पाहिल्यासारखा. आई वॉकर सरकवत आपल्या खोलीत येऊन उभी राहिली. ताई समोरच्या चौकोनात गेली.

कागदावर हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. पायांनी पहिल्यांदाच पाहत होती. कारखान्याच्या एका टोकाला ती आणि आई, सव्वातीन फुटांवर. दुसऱ्या टोकाला ती दोघं, चाळीस फुटांवर. आत्ता होतं तेच, आईजवळ ती आणि ती दोघं लांब. फक्त जिना आता दुसरं कुणी चढणार होतं.

"कसं वाटतंय?" भाऊ ओरडला. मधे भिंती नव्हत्या तरी त्याला ओरडावंसं वाटलं.

"ऐकू येतंय," ताई म्हणाली.

"बघ ना, सगळं घर एका छपराखाली. बाबा असते तर…"

"बाबा असते तर आधी टेप तपासली असती," आई म्हणाली.

भावजय खाली आली, म्हणजे टेबलाकडून बोळात आली. "आई, एकदा चालून दाखवा. पलंगाकडून दारात, दारातून बोळात, वळून न्हाणीघराकडे. घाई नाही."

आईने वॉकर उचलला, ठेवला, पाऊल टाकलं. पुन्हा उचलला, ठेवला. दारात आली, बोळात शिरली, वळली. वॉकरचा पुढचा पाय ताईच्या खोलीच्या रेघेला टेकला आणि तिथेच थांबला.

"वळलं," भाऊ म्हणाला. "काटोकाट, पण वळलं."

आई मात्र खाली पाहत होती. वॉकरच्या पायाखालच्या त्या पांढऱ्या रेघेकडे.

"ताई," ती म्हणाली. लेकीला ती सगळ्यांसारखंच ताई म्हणायची. "ही कापायची रेघ की शिवायची?"

ताई वाकून रेघेकडे पाहू लागली.

कारखान्यात रोज विचारला जाणारा हा प्रश्न होता. ताडपत्रीवर दोन रेघा असतात. एक जिथे कात्री चालते ती, दुसरी तिच्या आत चार बोटं, जिथे सुई चालते. दोन्हींच्या मधलं कापड दुमडीत जातं; ते विकत घेतलेलं असतं पण कामाला येत नाही. आणि बाबांची पहिली शिकवण, जी ताईने नोकरीला ठेवलेल्या प्रत्येकाला दिली होती: वस्तू बाहेरून मोजायची. जनरेटरच्या पोटात काय आहे याच्याशी खोळीला देणंघेणं नाही. बाहेरून बाहेर मोजलं की खोळ बसते.

नकाशावर चोवीस आणि तीस हे आकडे बाहेरच्या कडेवर लिहिलेले होते. भिंती साध्या एकेरी रेघांच्या होत्या. तिने हाताच्या सवयीने बाहेरून बाहेर मोजलं होतं आणि आतल्या रेघा हिशेबाने वाटून दिल्या होत्या. चटईक्षेत्र म्हणजे काय हे आईला समजावून सांगत असतानाच तिने फरशीवर बांधीव क्षेत्र आखलं होतं. जाडी नसलेल्या भिंतींचं घर. ताडपत्रीचं घर.

"कापायची," ती म्हणाली.

"काय झालं?" भाऊ जवळ आला.

"भिंती धरल्याच नाहीत मी. बाहेरची नऊ इंच, आतली साडेचार. गिलावा धरून पाच."

"पाच इंचांनी काय बिघडतं?"

ताई कातरणाच्या पेटीकडे गेली, जाड कॅनव्हासच्या उरलेल्या पट्ट्या बाहेर काढल्या, पाच इंचांवर घडी घातली आणि आतल्या रेघांवर अंथरू लागली. पट्टीचा मध्य बरोबर रेघेवर. अडीच इंच या खोलीत, अडीच त्या खोलीत. बाहेरच्या रेघांना नऊ इंच, सगळे आतल्या बाजूने. भावजय तिला न विचारताच दुसऱ्या टोकाकडून पट्ट्या टाकू लागली. आई खुर्चीवर बसून आपली खोली आक्रसताना पाहत होती.

"बोळ मोज," ताई म्हणाली.

भावाने टेप लावली. बराच वेळ लावली, जणू टेप जास्त वेळ ठेवल्याने आकडा वाढेल. "दोन फूट दहा इंच."

"आई, पुन्हा एकदा," भावजय म्हणाली. यावेळी तिने सासूच्या पाठीमागे हात धरला. वॉकर बोळात शिरला. वळताना पुढचे दोन पाय कॅनव्हासच्या भिंतीवर चढले आणि मागचा एक पाय दारातल्या पट्टीत अडकला. आईने वॉकर मागे घेतला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"सरळ जाईल," भावजय म्हणाली. "वळणार नाही. आणि रात्री घाईत असल्या तर पडतील."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्याला इलाज आहे," भाऊ म्हणाला. तो चालत ताईच्या खोलीत शिरला आणि बोळाच्या बाजूची पट्टी त्याने पायाने बाजूला सारली. "ही भिंत नकोच. बोळ आणि ताईची खोली एक करून टाकू. आई तिच्या दारातून बाहेर आली की थेट ताईच्या खोलीत, तिथून न्हाणीघर. वळायला ऐसपैस. ताईला काय, ती तशीही रात्री उठतेच."

हे त्याने सहज म्हटलं. वाईट मनाने मुळीच नाही. फरशीवरची एक गोष्ट दुसऱ्या जागी ठेवावी तसं. ताईने त्या सरकलेल्या पट्टीकडे पाहिलं. आता तिची खोली ही न्हाणीघराकडे जायचा रस्ता होती. तिला राग आला नाही. बोळासारखी आपली मोजणी झाली आणि आकडा बरोबर निघाला, एवढंच वाटलं.

"त्या रोज का उठतात?" भावजयीने विचारलं.

"अगं, म्हणजे काय? आईला लागतं काहीतरी. पाणी, गोळी…"

"ते कळलं. ताईच का उठतात?"

भाऊ बायकोकडे पाहू लागला. सकाळी गाडीतून येताना ती त्याच्या बाजूची होती. बंगलाच घेऊ, एकत्र राहू, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिने बाजू कुठल्या चौकात बदलली ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी दिवसाला अकरा माणसांना वॉकर शिकवते," ती म्हणाली. "आणि घरचं माणूस दर रविवारी बघते, बाराला येऊन चारला जाते. वर उभं राहून बघितलं ना आत्ता, तेव्हा मला कसंसंच झालं. आपली दोघांची गच्ची आणि यांचा बोळ."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाही हो. आखलंत."

ताईला वाटलं, आता मधे पडावं. नेहमी तीच पडायची. "बघू" म्हणायची आणि ताणलेलं सैल करायची. तिने चहाचे कप गोळा करायला घेतले. भावजयीने मात्र वही पुन्हा उघडली होती आणि ती शेवटच्या पानावर थांबली होती.

"ताई, इथे दोष लिहायचा राहिलाय."

"कुठे?"

"ट्विन. प्रकार लिहिलाय, वर्णन लिहिलंय. भिंतींची जाडीसुद्धा आहे इथे. मधली नऊ इंच, आवाज जात नाही, दोन वेळा टकटक करून पाहिलं. आईंच्या खोलीपुढे बोळ नाही, खोली थेट दिवाणखान्यात उघडते, दार तीन फुटी. खाली 'दोष' आणि पुढे कोरं."

ताईच्या हातात चार कप होते. ते ठेवायला जवळपास काही नव्हतं. "राहिला नाही," ती म्हणाली.

भाऊ हळूच खाली बसला, बंगल्याच्या दिवाणखान्यात, मांडी घालून. "चौदा घरांत तू ओल काढलीस, उतार काढलास, शेजारचा कुत्रा काढलास," तो म्हणाला. "आणि याच्यात काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? 'बघू' का म्हणालीस?"

"कारण मग पुढचा प्रश्न आला असता."

"कुठला?"

उत्तर आईने दिलं. "मी भिंतीच्या कुठल्या बाजूला, हा."

ताईने कप अखेर मशिनवर ठेवले, जे ती कुणालाही करू द्यायची नाही.

भाऊ फरशीवरची खडूची भुकटी बोटाने एका जागी गोळा करत होता. लहानपणी ओरडा बसला की तो असंच काहीतरी गोळा करायचा. ताईला ते अचानक आठवलं. "ताई," तो म्हणाला, "मी चोविसाव्या वर्षी घराबाहेर पडलो. तेव्हापासून आईचं मला काय ठाऊक आहे? कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, ती रात्री हाक मारते तेव्हा पाणी हवं असतं की नुसतं कुणी हवं असतं… मला नाही कळत. बंगला घेतला तर तू असशील, म्हणजे चुकणार नाही. एवढंच होतं माझ्या डोक्यात. एकत्र वगैरे मी नंतर चिकटवलं."

त्याने हे इतकं सरळ सांगितलं की ताईला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या केसांत खडू होता.

"नुसतं कुणी हवं असतं," आई म्हणाली. "बहुतेक वेळा. पाणी हे निमित्त. आणि गोळ्यांच्या डब्यावर तिने सगळं लिहून ठेवलंय, शाळेतलं पोरही वाचेल. तू वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतोयस ना रे मास्तर? पहिल्या दिवशी सगळे गाडी बंदच पाडतात, असं तूच सांगतोस."

"पाडतात."

"मग पाड. मी कुठे पळून जातेय? मला वॉकरने वळताही येत नाही."

भावजय खुदकन हसली आणि मग तिने पदराने डोळे टिपले. भाऊही हसला, पण खाली बघून.

त्याचा फोन वाजला. पाचला अजून बारा मिनिटं होती. "दलाल," तो म्हणाला आणि फोन वाजत तसाच हातात धरून राहिला. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिची नजर फरशीवर होती. पट्ट्यांच्या भिंती, सरकलेली पट्टी, वॉकरच्या पायांनी पुसलेली रेघ. फोन थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला.

"ताई," आई म्हणाली. "इकडे बघ. तू त्या पंधराही घरांत 'बघू' म्हणालीस. मी पंधराही वेळा ऐकलं. बाबा गेले तेव्हापासून ऐकतेय. तुझं माप कुणी घेतलं नाही गं, कारण तू टेप धरून असायचीस. आता माझ्याकडे बघून 'बघू' म्हणू नकोस. काय असेल ते म्हण. मी एकदा पडलेय, पुन्हा पडणार नाही."

ताईने खिशातून खडू काढला. पातं काढलं. सवयीने धार लावली. पांढरी भुकटी तिच्या झग्यावर पडली. मग ती बंगल्याच्या बाहेर आली, दारातून नाही, सरळ रेघ ओलांडून, आणि मोकळ्या फरशीवर वाकून तिने एक नवी रेघ ओढली. आठ फुटांवर ती थांबली. खडूला धार लावली. नऊ इंच सोडले आणि पहिलीला समांतर दुसरी रेघ ओढली. दोन रेघांमधे एक भिंत. ती सरळ झाली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला.

"फोन घे," ती भावाला म्हणाली. "ट्विन घेतोय म्हणून सांग. दोन्ही बाजू."

आणि मग आईकडे वळून, तिने ताडपत्रीचं माप गिऱ्हाइकाला सांगावं तशाच आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून सांगितलं:

"आई, तू त्यांच्या बाजूला राहशील. मी पलीकडे राहीन, एकटी. रोज येईन, पण दार वाजवून."